कागद अडकतो तेव्हा

गेल्या शुक्रवारची गोष्ट. वेळ संध्याकाळी साडेपाचची. स्थळ आमचं पुण्यातलं हापीस, तिसरा मजला, पॅन्ट्रीशेजारचा कोपरा. पात्रं: अस्मादिक, ॲडमिनची एक मुलगी, हाऊसकीपिंगचे मामा आणि एक भलंमोठं कॉपियर मशीन. (मशीनच्या कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नव्हताच, हे पुढे कळेल.)

एका टेंडरचं बिड शनिवारी सकाळी मुंबईत पोचायला हवं होतं. अख्खं जग क्लाऊडवर गेलं तरी या टेंडरला सही-शिक्क्याच्या मूळ प्रतीबरोबर तीन झेरॉक्स प्रती लागत होत्या. १४० पानं गुणिले तीन, म्हणजे ४२० पानं. मशीन मिनिटाला ३० पानं काढतं. साध्या हिशोबाने १४ मिनिटांचं काम. कुरिअरवाला सातला येणार होता. त्यामुळे सगळे निवांत होते.

अकराव्या पानावर कागद अडकला.

आता आम्ही पडलो इंजिनिअर. स्क्रीनवर चित्र आलं, ट्रे २ जवळ एक लाल बाण लुकलुकायला लागला. मी झाकण उघडलं, कागद ओढला, झाकण लावलं. चार पानं निघाली, परत अडकला. परत उघडलं, परत ओढला. मग आयटीतला रामबाण उपाय केला, म्हणजे मशीन बंद करून चालू केलं. सहा पानं. परत लाल बाण. मामा शांतपणे म्हणाले, "सर, त्या सर्व्हिसवाल्या काकांना फोन लावू का?" मी म्हटलं, "थांबा हो मामा, स्क्रीनवर सगळं लिहिलंय." सव्वासहाला मीच फोन लावला.

काका जवळच कुठेतरी होते, वीस मिनिटांत आले. वय पन्नाशीच्या पुढे, खांद्याला बॅग, अंगावर भिजलेला रेनकोट. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. ट्रे ओढला, वरचे दहाबारा कागद उचलून कानाजवळ फडफडवले आणि विचारलं, "साहेब, हे रीम कधी फोडलं?"

कोणालाच माहीत नव्हतं. रीम खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं होतं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. काकांनी ट्रेमधला सगळा कागद काढून टाकला, कपाटातलं बंद रीम मागवलं, फोडून चारी बाजूंनी फडफडवलं, ट्रेमधे ठेवलं आणि बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील इतपत सरकवल्या. मग एक बोटभर जाडीचा रबरी रोलर बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसला. फडकं पांढरं झालं. "हे बघा, खडू. रोलर गुळगुळीत झालाय. दोन महिने जाईल अजून, पण नवीन मागवून ठेवा."

सात वाजून पाच मिनिटांनी शेवटचं पान बाहेर आलं. कुरिअरवाला चहा पीत थांबला होता. मी काकांना म्हटलं, "पण काका, स्क्रीन तर ट्रेमधे कागद अडकलाय एवढंच सांगत होती." ते हसले. "साहेब, मशीन खोटं बोलत नाही. कागद कुठं थांबला ते सांगतं. का थांबला ते तिला कुठं माहितीये?"

हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याला कारणही होतं, ते शेवटी सांगतो. शनिवार-रविवार मात्र कागद का अडकतो या एकाच विषयात बुडालो. त्यातून जे हाती लागलं ते हे पुराण.

एकच कागद, बास

कॉपियरमधला सगळ्यात अवघड भाग कोणता? मला वाटायचं लेझर, टोनर, ती ड्रमवरची वीजबिज. पण रोजच्या वापरात सगळ्यात जास्त छळणारा भाग असतो कागद उचलण्याचा. ट्रेमधे ५०० कागदांचा गठ्ठा असतो. ७५ जीएसएमचा एक ए-४ कागद जेमतेम पावणेपाच ग्रॅमचा आणि साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा. मशीनने दर दोन सेकंदांनी त्यातला एक उचलायचा. शून्य नको, दोन नको, तिरका नको. आपण नोटा मोजताना बोट ओलं करतो तरी दोन नोटा चिकटतातच की. इथे तर बोटही नाही आणि थुंकीही नाही.

यातली युक्ती फार सुंदर आहे. कागदाच्या वरून रबरी रोलर फिरतो, आणि पुढे त्याच्याविरुद्ध खालून एक खरखरीत पॅड दाबून धरलेलं असतं. अट एवढीच, की रोलर आणि कागद यांच्यातलं घर्षण सगळ्यात जास्त, पॅड आणि कागद यांच्यातलं त्याहून कमी, आणि कागद-कागदातलं सगळ्यात कमी. एकच कागद आला तर रोलर जिंकतो, कागद पुढे जातो. दोन आले तर वरचा रोलरबरोबर जातो, खालच्याला पॅड धरून ठेवतं. मोठ्या मशीनमधे पॅडऐवजी उलटा फिरू पाहणारा दुसरा रोलर असतो. एक कागद असेल तर तो मुकाट्याने वरच्या रोलरबरोबर ओढला जातो, दोन असतील तर खालच्याला मागे ढकलतो. ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. एका साध्या असमानतेवर सगळा कारभार.

आता ही असमानता बिघडवायची कशी? आपोआप बिघडते. कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेट घालतात. ती पूड रोलरवर बसते आणि रबराची पकड जाते. (काकांच्या फडक्यावरचा खडू तो हाच.) कागद हवेतलं पाणी शोषतो, कडा लाटांसारख्या होतात, कागद लुळा पडतो, एकमेकांना चिकटतो. उलट हवा फार कोरडी असेल तर स्थिर विजेने चिकटतो. ट्रेमधल्या पट्ट्या सैल असतील तर कागद तिरका निघतो, फार घट्ट असतील तर निघतच नाही.

आणि मशीनला यातलं काय कळतं? वाटेत जागोजागी सेन्सर असतात. कागद अमुक वेळात अमुक सेन्सरपाशी पोचला नाही की मशीन थांबतं आणि कोड दाखवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा शुद्ध टाईमआऊट एरर आहे. सर्व्हर डाऊन आहे, नेटवर्क स्लो आहे की कोणी वायर काढली, हे टाईमआऊट कधी सांगतो का? काकांचं म्हणणं तेच होतं.

गंधक, रुमाल आणि मेणकागद

या यंत्राचा बाप चेस्टर कार्लसन. जन्म १९०६, सिॲटलचा. घरची गरिबी, आईवडील दोघंही आजारी. १९३० साली कॅलटेकमधून पदार्थविज्ञानाची पदवी घेतली ती ऐन मंदीत. बेल लॅब्जमधे चिकटला, तिथून नोकरी गेली. पुढे न्यूयॉर्कमधे एका इलेक्ट्रिकल कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथे कागदपत्रांच्या प्रती कधी पुरायच्याच नाहीत. एक तर हाताने परत टाईप करा, नाहीतर बाहेर फोटो काढायला पाठवा. त्यात त्याला संधिवात. रात्री कायद्याचा अभ्यास करायचा तोही पुस्तकं विकत घेणं परवडत नाही म्हणून लायब्ररीत बसून, हाताने उतरवून. ज्याची बोटं दुखतात त्यालाच कॉपी करण्याचं यंत्र सुचणार, दुसऱ्या कोणाला?

२२ ऑक्टोबर १९३८. न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात एका भाड्याच्या खोलीत कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नाय यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला. रुमालाने घासून त्यावर वीज चढवली. काचेच्या पट्टीवर शाईने तारीख आणि गावाचं नाव लिहून ती पट्टी वर ठेवली आणि दिव्याचा उजेड पाडला. उजेड पडला तिथली वीज गेली, अक्षरांच्या सावलीत ती राहिली. वरून लायकोपोडियम नावाची वनस्पतीची बारीक पूड भुरभुरवली, फुंकर मारली. पुडीची अक्षरं उरली. मेणकागद दाबून ती उचलली. कागदावर आलं '१०-२२-३८ ॲस्टोरिया'.

या अख्ख्या प्रयोगात ट्रे नाही, रोलर नाही, फीडर नाही. कागद उचलायला माणसाचा हात होता. हा हात काढून टाकायला पुढची एकवीस वर्षं लागली!

पेटंट १९४२ साली मिळालं. वीसहून जास्त कंपन्यांनी कार्लसनला नकार दिला, त्यात आयबीएमसारखी नावंसुद्धा होती. १९४४ मधे ओहायोतल्या बॅटेल संस्थेने काम हातात घेतलं आणि १९४७ मधे रॉचेस्टरच्या हॅलॉइड नावाच्या एका छोट्या फोटोपेपर कंपनीने हक्क घेतले. ग्रीक भाषेत 'झेरॉस' म्हणजे कोरडं आणि 'ग्राफेन' म्हणजे लिहिणं, त्यावरून झेरोग्राफी. हीच हॅलॉइड १९६१ पर्यंत झेरॉक्स कॉर्पोरेशन झाली. १९४९ साली पहिलं मशीन बाजारात आलं, मॉडेल ए. एका प्रतीला ३९ पायऱ्या, सगळ्या हाताने. ३९ पायऱ्यांचं रनबुक! ऑफिसांनी ते नाकारलं यात नवल ते काय.

मग आलं ९१४. जास्तीत जास्त ९ बाय १४ इंचाचा कागद चालायचा म्हणून ९१४. वजन ६४८ पौंड, म्हणजे जवळजवळ २९४ किलो. पण कागद स्वतः उचलणारं, साध्या कागदावर प्रती काढणारं आणि एका बटणावर चालणारं. इथे ड्रमवरून कागद सोडवणं ही मोठी डोकेदुखी होती. टोनर कागदावर ओढायला वीज लावायची, पण त्याच विजेने कागद ड्रमला चिकटून बसतो. इंजिनिअरांनी शेवटी हवेची फुंकर वापरली. कागदाची पुढची कड फुंकरीने उचलायची आणि पुढे ढकलायची. आपल्याकडचा झेरॉक्सवाला गठ्ठ्याच्या कडेवर फुंकर मारतो ना, अगदी तेच.

१६ सप्टेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात ९१४ चं प्रात्यक्षिक झालं. दोन मशीन ठेवली होती. एकाने पेट घेतला. दुसरं नीट चाललं. :-) हा विनोद नाही. टोनर कागदावर वितळवून पक्का करायला आत तापलेली भट्टी असते. कागद नेमका तिथे अडकला की करपणार, कधी पेटणार. म्हणून कंपनीने मशीनबरोबर एक छोटं अग्निशामक यंत्र दिलं. पण त्याला अग्निशामक म्हणायचं नाही, त्याचं नाव 'स्कॉर्च एलिमिनेटर', म्हणजे करपनिवारक! मार्केटिंगवाले तेव्हाही असेच होते, मंडळी.

तरीही ९१४ तुफान चाललं. १९६१ मधे कंपनीची वर्षाची उलाढाल ६ कोटी डॉलर होती, ती १९६५ मधे ५० कोटींच्या वर गेली. खरी मेख भाड्यात होती. मशीन महाग, म्हणून कंपनी ते भाड्याने द्यायची आणि आत मीटर. जितक्या प्रती तितके पैसे. म्हणजे बघा, कागद अडकला की मीटर थांबला आणि मीटर थांबला की कंपनीचं उत्पन्न थांबलं. दुरुस्ती ही गिऱ्हाईकाची नाही, कंपनीची गरज झाली. त्यातून उभी राहिली बॅगा घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञांची फौज. आमच्या काकांचे पूर्वज.

हिरवं बटण आणि दोन विद्वान

आता १९८० च्या दशकात या. झेरॉक्सची कॅलिफोर्नियात पालो आल्टोला एक संशोधन संस्था होती, पार्क. माऊस, खिडक्या, इथरनेट, लेझर प्रिंटर या सगळ्याशी जोडलेलं नाव. तिथे ल्युसी सचमन नावाची मानववंशशास्त्राची अभ्यासक होती. झेरॉक्सचं ८२०० नावाचं मोठं मशीन आलं, त्याची जाहिरात अशी की हिरवं बटण दाबा, झालं. पण गिऱ्हाईकं म्हणत होती की हे फार किचकट आहे.

सचमनने एक मशीन पार्कमधेच मागवून घेतलं आणि लोक ते वापरतात कसे याचं चित्रीकरण केलं. त्यातली एक फिल्म गाजली. दोन माणसं मशीनसमोर उभी आहेत, पाठपोट प्रती काढायच्यात, आणि जमत नाहीये. चिडचिड, तर्क, परत पहिल्यापासून. ही माणसं कोण? एक रॉन काप्लान, संगणकीय भाषाशास्त्रातलं मोठं नाव. दुसरे ॲलन न्यूएल, कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखेच्या जनकांपैकी एक, १९७५ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी! म्हणजे वापरणारा ढ आहे, ही पळवाटच बंद.

सचमनचं पुस्तक १९८७ साली आलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की मशीनच्या आत एक आराखडा असतो, माणूस अमुक पायरीनंतर तमुक पायरी करेल असा. माणूस मात्र समोर जे दिसतं त्याला प्रतिसाद देत पुढे जातो. मशीनला माणसाच्या फार थोड्या कृती दिसतात. कोणतं बटण दाबलं, कोणतं झाकण उघडलं, बास. माणूस गोंधळलाय, शेजाऱ्याला विचारतोय, हे तिला दिसतच नाही. आराखडा हा कामाचा कच्चा नकाशा आहे, काम नव्हे. हे वाचताना मला शुक्रवार संध्याकाळचा मीच दिसत होतो. झाकण उघड, कागद ओढ, झाकण लाव. मशीनच्या मते मी सगळं बरोबर करत होतो.

नाश्त्याच्या टेबलावरचं मॅन्युअल

त्याच पार्कमधे ज्युलियन ओर नावाचा दुसरा मानववंशशास्त्रज्ञ होता. तो आधी स्वतः तंत्रज्ञ होता. त्याने वेगळीच टोळी अभ्यासाला घेतली, झेरॉक्सचे सर्व्हिसवाले. कंपनीने त्यांना जाडजूड मॅन्युअल दिली होती. कोड बघा, मग ही चाचणी, हो असेल तर इकडे, नाही असेल तर तिकडे. कंपनीची समजूत अशी की हे पुस्तक असलं की तंत्रज्ञाला फार विचार करायची गरज नाही.

ओर त्यांच्याबरोबर फिरला, जेवला, शिकला. त्याला दिसलं की खरं काम नाश्त्याच्या आणि जेवणाच्या टेबलावर चालतं. तिथे हे लोक एकमेकांना मशीनच्या गोष्टी सांगतात. "अरे, त्या अमक्या ऑफिसातलं मशीन माहितीये का, कोड हा दाखवायचं आणि भलतंच निघालं!" वरवर गप्पा, पण प्रत्यक्षात एक न लिहिलेलं मॅन्युअल. त्याने एक प्रसंग टिपलाय. मशीन एक कोड दाखवतंय, पण कोड आणि बिघाड जुळत नाहीत. तंत्रज्ञ अडला, त्याने वरच्या तज्ज्ञाला बोलावलं, तोही अडला. मग दोघं मशीनसमोर बसून कित्येक तास एकमेकांना जुन्या मशीनच्या आठवणी सांगत राहिले. अमुक ठिकाणी असं झालं होतं, तेव्हा तसं निघालं होतं. मधे मधे एखादी चाचणी. शेवटी आठवणींचे तुकडे जुळले आणि बिघाड सापडला. तो प्रसंगच मग नवी गोष्ट होऊन टेबलावर गेला.

ओरचं पुस्तक १९९६ मधे आलं, पण त्याच्या आधीच, १९९१ मधे, जॉन सीली ब्राऊन आणि पॉल ड्युगिड यांनी त्याच्या कामावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आणि 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' हा शब्द मॅनेजमेंटच्या वर्तुळात गेला. आज आपल्या ऑफिसात ज्या ब्राऊन बॅग, टेक टॉक वगैरे गोष्टी चालतात त्यांची एक मुळी इथवर पोचते.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडला. पार्कमधल्या काही संशोधकांनी आधी कृत्रिम बुद्धिमत्तेने बिघाड शोधणारी प्रणाली बनवली होती. तंत्रज्ञांना दाखवली. ते म्हणाले, छान आहे, पण आम्हाला छळणारे बिघाड यात नाहीत, कारण ते तुमच्या मॉडेलमधेच नाहीत. मग दिशा बदलली. 'युरेका' नावाचा एक साधा संग्रह तयार झाला. कोणीही तंत्रज्ञ आपली युक्ती लिहायची, दुसऱ्या तंत्रज्ञांनी ती तपासायची, आणि लिहिणाऱ्याचं नाव त्या युक्तीला कायम चिकटलेलं राहायचं. सुरुवात नव्वदच्या दशकात फ्रान्समधे झाली, मग इतर देशांत. युक्तीला पैसे द्यायचे नाहीत असं ठरलं. पैसे दिले की ढीगभर युक्त्या येतात, नाव दिलं की चांगल्या येतात. स्टॅक ओव्हरफ्लो सुरू झालं २००८ साली. म्हणजे कागदवाले आपल्या किती पुढे होते बघा.

अडकलेल्या कागदातून निघालेलं सॉफ्टवेअर

आणि आता आपल्या बिरादरीची गोष्ट. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबला झेरॉक्सकडून एक लेझर प्रिंटर भेट मिळाला. वेगवान कॉपियरवरूनच बनवलेला. छपाई सुंदर, पण कागद अडकायचा. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, माणसं भलतीकडे. प्रिंट सोडून तासाभराने जावं तर कागद केव्हाचा अडकलेला.

लॅबमधे रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक प्रोग्रामर होता. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमधे त्याने साधा बदल केला होता. प्रिंटर अडकला की ज्यांचं काम रांगेत आहे त्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. अडकणं थांबत नव्हतं, पण कोणीतरी उठून सोडवायचं. कागदाचा प्रश्न त्याने माणसांनी सोडवला! नव्या प्रिंटरवर तेच करायचं ठरवलं तर त्याचा सोर्स कोड दिलेलाच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळलं, तिथे गेल्यावर हा मागायला गेला. उत्तर मिळालं, देता येणार नाही, तसं वचन दिलंय.

स्टॉलमन निमूट परत आला, पण विसरला नाही. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. अर्थात हा प्रिंटर हे एकमेव कारण नव्हतं, लॅबचं सगळं वातावरणच बदलत होतं. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात तो अडकलेला कागद कायमचा जाऊन बसला. तुम्ही आम्ही रोज ज्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करतो, त्याच्या कंपायलरचा हा पूर्वज.

रनबुक

आता ते कारण. गेले तीन आठवडे मी ऑफिसात एक रनबुक लिहितोय. आमची एक जुनी सिस्टीम आहे, पगारपत्रकांची. आठ वर्षं तिचा सपोर्ट एकच माणूस बघतोय. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. या महिनाअखेर त्याची जागा बंद होतेय. त्याच्या डोक्यातलं सगळं मी पायऱ्यांमधे उतरवायचं आणि ते एका चॅटबॉटला फीड करायचं, असा प्लॅन. शुक्रवारपर्यंत माझ्या ४६ ओळी भरल्या होत्या. एरर अमुक, पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन. मला वाटत होतं काम जवळजवळ संपलं.

सोमवारी मी दादासमोर बसलो आणि वेगळा प्रश्न विचारला. पायऱ्या नको सांगूस, म्हटलं, ते एरर पहिल्यांदा आलं ती रात्र सांग. तो आधी हसला. मग बोलायला लागला. दिवाळीच्या बोनसची रात्र, एका क्लायंटने पाठवलेली फाईल, तिच्यातला एक न दिसणारा स्पेस, आणि लॉगमधे येणारा भलताच टाईमआऊट. माझ्या रनबुकात त्या टाईमआऊटपुढे मी 'सर्व्हिस रीस्टार्ट करा' असं लिहिलं होतं. झाकण उघड, कागद ओढ, झाकण लाव!

रात्री साडेदहापर्यंत बसलो. ४६ पैकी अकरा ओळी खोडल्या. मॅनेजर म्हणाला, "गोष्टी कशाला, स्टेप्स दे." मी गोष्टी वेगळ्या पानावर टाकल्यात, प्रत्येक गोष्टीखाली दादाचं नाव आहे. बॉट त्याचं काय करेल ते करो. दादाची जागा मात्र त्याने वाचणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही. तो म्हणाला, "नाव ठेवतोयस ना? मग ती बोनसची गोष्ट नीट लिही. मी त्या रात्री जेवलो नव्हतो."

त्या बिडचं काय झालं अजून कळलेलं नाही. रोलर मागवलाय. कॉपियरवर मी एक कागद चिकटवला: 'कागद अडकल्यास आधी रीम कधी फोडलं ते बघा. पट्ट्या तपासा. नाहीच जमलं तर काकांना फोन करा', आणि काकांचा नंबर.

काल सकाळी बघतो तर खाली निळ्या पेनाने कोणीतरी भर घातलीये. अक्षर बहुतेक मामांचं असावं.

'खिडकीच्या कट्ट्यावर रीम ठेवू नये. पाणी आत येते.'